इंदूरला नवे आलात? मग आधी ‘हे तर आपलंच गाव’ म्हणणं सोडा

पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि सहा वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून इंदूरला आले. निघताना घरी-दारी सगळ्यांनी एकच धीर दिला होता, “अगं, होळकरांचं गाव ते. तिथे काय परकं वाटायचंय?” पहिल्याच आठवड्यात पोहे मागवले, तर वर शेव, कच्चा कांदा आणि आत बडीशेप. उन्हातून येऊन शिकंजी मागितली, तर लिंबू सरबताऐवजी सुकामेवा घातलेलं घट्ट, गोड दूध समोर आलं. जुलैत म्हटलं, श्रावण लागायला अजून वेळ आहे, तर शेजारीण दुसऱ्या श्रावणी सोमवारचा उपास सोडून मोकळी झालेली.

म्हणजे नावं सगळी ओळखीची, आत माल वेगळा. तमिळनाडूत बदली झाली असती तर मी आधी चार जणांना विचारून पाऊल टाकलं असतं. इथे आपलंच गाव समजून विचारलं नाही आणि त्यामुळेच दोन वर्षं चुकत राहिले. पुण्या-नाशकाकडून, कोल्हापुराकडून नव्याने आलेल्यांची तेवढी दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

१. सगळ्यात आधी पंचांग जुळवा

कालनिर्णय आणला असेल तर राहू द्या, पण त्याच्या शेजारी एक लाला रामस्वरूपही टांगा. जबलपूरचं हे कॅलेंडर इथल्या घराघरात असतं. दोन्ही कशाला? आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, म्हणून गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, नवरात्र, दसरा यांत काही घोळ नाही. घोळ होतो तो वद्य पक्षात. आपला श्रावण वद्य म्हणजे यांचा भाद्रपद कृष्ण. 2025 साली इथला श्रावण 11 जुलैला लागला आणि आपला 25 जुलैला. नुसतं “श्रावणात या” असं कुणी म्हटलं तर कोणाच्या श्रावणात, ते विचारून घ्या.

मी फसले ते खजराण्याच्या गणपतीला. तिथली तिळी चौथीची जत्रा मोठी, तिळगुळाच्या लाडवांचा महानैवेद्य असतो. ‘माघातली चतुर्थी’ एवढंच ऐकलं होतं. आपल्या माघी गणेश जयंतीला हौसेने साडी नेसून गेले. जत्रा पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेलेली! ती त्यांच्या माघ कृष्ण चतुर्थीला असते, म्हणजे आपल्या पौष वद्य चतुर्थीला. हार-फुलंवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

अहिल्यादेवींच्या पुण्यतिथीचंही तसंच. देवी गेल्या 13 ऑगस्ट 1795 रोजी. आपल्याकडे ती तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, इथे भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस एकच, नाव दोन. त्या दिवशी जुन्या गावात पालखी निघते. ‘भाद्रपद’ शब्द वाचून गणपतीनंतर शोधायला जाल तर काहीच हाती लागणार नाही. ती पोळ्याच्या आदल्या दिवशी असते एवढं लक्षात ठेवा.

२. जवळ काय असावं

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते ऐन वेळी मिळत नाही.

- आधार कार्ड, मूळ आणि एक झेरॉक्स. सणावारी गावाबाहेर मंदिरात किंवा धर्मशाळेत जायचं झालं तर विचारतात.
- सुटे पैसे. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, हजारो माणसं दाटली की नेटवर्क बसतं आणि तुम्ही हातात रबडी घेऊन फोन हलवत उभे राहता.
- झाकणाचा स्टीलचा डबा. याचं कारण शेवटच्या पायरीत सांगते.
- गेरसाठी, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, कपड्यांचा एक जोड, जो परत कधीच घालायचा नाही.
- खोबरेल तेल, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी.
- कचऱ्यासाठी एक कागदी पिशवी. इंदूर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येत आलंय आणि लोकांना त्याचा मनापासून अभिमान आहे. रस्त्यावर कागद टाकलात तर दंडाची वेळ पुढची. आधी शेजारून जाणारी एखादी आजीच तुम्हाला तो उचलायला लावेल.

३. सकाळ पोह्यांनी सुरू करा, पण आपल्या नव्हे

माझ्या घरमालकीणबाई, आम्ही काकूच म्हणतो, चौथ्या पिढीच्या इंदूरकर. पहिल्या रविवारी मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून पोहे परतायला घेतले, तर त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. “परतायचे नाहीत गं, वाफवायचे.” मग खाली पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि वर पोह्यांचं भांडं. फोडणीत मोहरी, हिरवी मिरची, हळद, बडीशेप, जराशी साखर. कांदा फोडणीत नाहीच. भिजवलेले पोहे त्यात हलक्या हाताने मिसळून वर झाकण. गाडीवरही हेच असतं, म्हणून सकाळी सहाला लावलेले पोहे नऊ वाजतासुद्धा मऊ आणि गरम राहतात. बशीत घातल्यावर वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, शेव, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे. आणि जीरावन.

जीरावन हा शब्द पाठ करा. जिरं, धने, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ वगैरेंचा हा कोरडा मसाला पोह्यांवर, गराडू नावाच्या तळलेल्या कंदावर, फळांवर, सगळ्यावर भुरभुरतात. माहेरी नेण्यासाठी याच्याइतकी सोपी भेट नाही.

पोह्यांबरोबर जिलबी घ्या. तिखट खाऊन मग गोड अशी ती नाही. एक घास याचा, एक तुकडा तिचा. मला हे पटायला वर्ष लागलं आणि आता साताऱ्याला गेले की नुसते पोहे अळणी वाटतात. (आईसमोर हे बोलत नाही.) राजवाड्याच्या बाजूला उसळ पोहेही मिळतात, झणझणीत उसळ वर ओतून. कोल्हापूरकडच्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

वेळ सांभाळा. दहानंतर चांगल्या गाडीवर तळाचे पोहे उरतात.

४. जुनं गाव पायी, आणि दिवसाउजेडी

राजवाड्याच्या आसपास गाडी नेऊ नका. रिक्षाने किंवा सिटी बसने जा, दुपारी तीन-साडेतीनला सुरुवात करा.

आधी इतवारिया बाजारातलं काच मंदिर. शेठ हुकुमचंद यांनी बांधलेलं हे जैन मंदिर आतून छतापासून भिंती-खांबांपर्यंत काचेने मढवलंय. हे आधी अशासाठी की ते अंधारात पाहण्यात अर्थ नाही. फोटो काढायचा आग्रह धरू नका.

तिथून चालत राजवाड्याला. मल्हारराव होळकरांनी 1747 मध्ये याचं काम काढलं. सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. 1984 मध्ये आगीत बराच भाग जळाला होता. आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतर उभारलेलं. आत मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे. जेजुरीच्या खंडोबाला इथे भेटल्यावर माझ्यासारख्या माणदेशी आजोळाच्या बाईचे डोळे भरून यायचेच, ते आले.

इथे बहुतेक पाहुणे एक चूक करतात. “अहिल्यादेवी इथे बसून न्याय करायच्या” असं मुलांना सांगतात. देवींचा कारभार चालला तो महेश्वरहून, नर्मदेकाठी. इंदूर होळकरांची राजधानी झालं 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. देवींचं साधं घर, घाट आणि त्यांनी वसवलेल्या विणकरांचे माग पाहायचे तर महेश्वरलाच जा, एका दिवसात होतं.

राजवाड्याजवळच गोपाळ मंदिर आहे. कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या मात्र शेवटी ठेवा. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव यांची ही स्मारकं. उतरत्या उन्हात दगड मधासारखा दिसतो.

मधले बाजार हाच खरा जुना गाव. बर्तन बाजारात भांडी, खजुरी बाजारात पुस्तकं, सीतलामाता बाजारात साड्या. या साडीबाजाराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बहीण आली होती. महेश्वरी दाखवता दाखवता दुकानदाराने किंमत सांगितली, मी तिच्याकडे वळून हळूच म्हटलं, “चढवून सांगतोय मेला, उठ.” गृहस्थ साडीची घडी मोडत शांतपणे म्हणाले, “ताई, चढवलेली नाही. हातमागाची आहे, काठ हात लावून बघा.” आम्ही ती साडी घेतली. न घेऊन तोंड कुठे लपवणार? तेव्हा ध्यानात ठेवा: इथे दुकानात मराठीतून कुजबुजणं म्हणजे माइक हातात घेऊन बोलणं. समोरचा हिंदी बोलतोय म्हणून त्याला मराठी येत नाही असं समजू नका.

५. सराफा: रात्री, उपाशी, आणि घाई न करता

दिवसा इथे सोन्या-चांदीची दुकानं. रात्री आठ-नऊच्या सुमारास शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर कढया, तवे, परडी लागतात. रात्री वर्दळ असली की दुकानांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं जुने लोक सांगतात. दीड-दोनपर्यंत चालतं.

कधी जायचं? पहिल्यांदा जाताना मंगळवार-बुधवार बघा, साडेनऊला पोचा. शनिवारी रात्री गेलात तर खाणं कमी, ढकलणं जास्त. लहान मूल कडेवर असेल तर शनिवार नकोच.

कसं खायचं? एक पदार्थ, एक प्लेट, चार जणांत. दर माणशी प्लेट घेतलीत तर तिसऱ्या दुकानावर गाडी थांबते. आमच्या ऑफिसातल्या एकाने पहिल्याच दुकानावर दोन कचोऱ्या आणि मुगाचा हलवा खाल्ला आणि उरलेला दीड तास तो आमचे फोटो काढत होता.

माझा क्रम असा. आधी भुट्टे का कीस. मक्याची कणसं किसून तुपात, दुधात शिजवलेली, हिंग-मोहरीची फोडणी. पावसाळ्यात याची चव वेगळीच, कारण कणसं ताजी. मग दहीवडा. इथे एक दुकान असं आहे की मालक दह्याचं भांडं हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात. तमाशा म्हणून बघाच, पण वडाही खरोखर मऊ असतो.

मग साबुदाणा खिचडी, आणि इथे मराठी माणसाला थोडं मन घट्ट करावं लागतं. दाण्याचं कूट घालून तुपात परतलेली आपली खिचडी डोळ्यांसमोर आणू नका. वाफवलेला मोकळा साबुदाणा, त्यावर मसाला, मिरची, लिंबू, कोथिंबीर आणि मूठभर फराळी मिक्श्चर, सगळं मोठ्या भांड्यात झरझर कालवून देतात. ही जवळजवळ भेळच. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, आता भाऊ आला की त्याला आधी तिथेच नेते. ज्यांच्या घरी उपासाला कोथिंबीर चालत नाही त्यांनी आधीच सांगा. कालवायला एकदा सुरुवात झाली की हात थांबत नाही.

थंडीत गेलात तर गराडू. कोनफळाच्या जातीचा हा कंद तळून, लिंबू पिळून, जीरावन टाकून देतात. बोट भाजेल इतका गरमच खायचा. मग मालपुवा किंवा जलेबा. जलेबा म्हणजे जिलबीची थोरली बहीण, एकच ताटभर. शेवटी रबडी. शिकंजी राहिलीच की! ती वेगळ्या दिवसासाठी ठेवा, एक पेला म्हणजे अर्धं जेवण.

सराफ्यात आता मोमो, नूडल्स, धूर सोडणारी आइस्क्रीमं असलंही मिळतं. ते पुण्यात खा.

गर्दी सोसत नसेल त्यांच्यासाठी न्यू पलासियातलं छप्पन दुकान आहे, नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग. स्वच्छ, मोकळं, बसायला जागा, आई-वडिलांना न्यायला उत्तम. खोपरा पॅटिस तिथे खा. पण जुन्या गावाचा वास तिथे नाही.

दाल-बाफला हे मात्र बाजारात उभ्याने खायचं काम नव्हे. बाटी आधी उकडून मग भाजतात, की झाला बाफला. तुपात बुडवून, डाळीत कुस्करून, बरोबर लाडू. रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी, आणि नंतर संध्याकाळपर्यंत काही काम ठेवू नका.

६. गणपतीत आधी महालक्ष्म्या, मग झांक्या

इथल्या मराठी घरांत ‘गौरी’ म्हटलं तर समजतं, पण बोलावणं येतं ते ‘महालक्ष्मीच्या जेवणाला’. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन. बोलावणं आलं तर नाही म्हणू नका आणि दुपारी ऑफिसला परत जायचा बेतही करू नका.

अनंत चतुर्दशीला आपण गणपती पाहायला जातो. इथे त्या रात्री लोक झांक्या पाहायला जातात. हा सगळा उत्सव कापड गिरण्यांच्या कामगारांनी उभा केला. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, अशी एकेका मिलची झांकी: ट्रकवर, हलत्या पुतळ्यांची, हजारो दिव्यांची, पुराणातल्या प्रसंगांपासून आजच्या बातमीपर्यंत कशावरही. जवळपास शंभर वर्षांची प्रथा. गिरण्या कधीच बंद पडल्या. हुकुमचंद मिल 1991 ला बंद झाली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. झांक्या मात्र थांबल्या नाहीत. वर्गणी, मदत, जे मिळेल त्यातून कामगारांची माणसं त्या करत राहिली.

मी पहिल्यांदा काकूंच्या दिरांबरोबर गेले. त्यांची उमर एका मिलमध्ये साच्यावर गेली. आम्ही सगळे दिव्यांकडे बघत होतो आणि ते खाली वाकून ट्रकच्या बाजूला बघत होते. म्हटलं, काका, काय शोधताय? म्हणाले, “तो हनुमान हात वर करतो ना, त्याची मोटर कुठे बसवली ते बघतोय. आमच्या वेळी सायकलच्या चेनवर करत होतो.” पुढची प्रत्येक झांकी मी मग खालूनच बघितली. लाकडाचे दांडे, पट्टे, चाकं, आत घामाघूम होऊन वायर धरून बसलेला एक मुलगा. तुम्हीही जरा वाकून बघा.

आता व्यवहाराचं. हा चल समारोह संध्याकाळी निघतो आणि पहाटेपर्यंत चालतो. जेल रोड, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, खजुरी बाजार, राजवाडा हा नेहमीचा पट्टा. त्या वर्षीचा मार्ग आदल्या दिवशीच्या पेपरात येतो, तो पाहा. राजवाड्यासमोर सगळ्यात गर्दी आणि सगळ्यात उशीर. जेल रोडच्या बाजूला झांक्या लवकर दिसतात. मध्ये मध्ये आखाडे येतात, लाठी-तलवारीचे हात करत; त्यांच्यासाठी लोक एकदम मागे सरकतात, तेव्हा मुलांचा हात घट्ट धरा. फूटपाथवर बसायला सतरंजी, पाण्याची बाटली आणि दुसऱ्या दिवशीची रजा. रजेचं गंमतीने म्हणत नाही.

७. रंगपंचमीची गेर

रंगपंचमी आपल्याकडेही आहे, त्यामुळे वाटतं काय नवं असणार. शहाण्याने असं समजू नये. गेर म्हणजे रंगांची मिरवणूक. टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर अशा नाक्यांची मंडळं सकाळी निघतात आणि जुन्या गावातून राजवाड्यापर्यंत येतात. टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे, आणि गुलाल उडवायची यंत्रं, ज्यांना ‘मिसाइल’ म्हणतात. गुलाल चार-चार मजल्यांच्या वर जातो आणि काही मिनिटं आभाळच गुलाबी होतं. आदल्या दिवशी दुकानदार पाट्यांवर प्लॅस्टिक ताणून बांधतात, राजवाड्यावरसुद्धा ताडपत्र्या चढतात. त्या पाहिल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिल्या वर्षी मी खाली, रस्त्यात, अगदी मध्ये उभी राहिले. फोन साध्या दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. तो गेला. केस दोन महिने जांभळे राहिले आणि कारखान्यात सुपरवायझरसाहेब रोज सकाळी न चुकता “शुभ रंगपंचमी” म्हणायचे.

म्हणून क्रमाने:

पहिलं, रजा. इंदूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते, पण पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. तिथे नोकरीला असाल तर सुट्टी गृहीत धरू नका, आधी विचारा.

दुसरं, जागा. पहिल्या वर्षी गच्चीवरूनच पाहा. मार्गावर कुणाची ओळख असेल तर आठ दिवस आधी सांगून ठेवा. सकाळी नऊच्या आत गच्ची गाठा, मग रस्ते बंद होतात.

तिसरं, बायकांसाठी. खालच्या गर्दीत एकटीने उतरू नये, असं मी स्पष्ट सांगते. धक्काबुक्की होते आणि त्यात सगळेच हात रंग लावायला आलेले नसतात. त्या दिवशी फाग यात्राही निघते, तिच्यात घरंच्या घरं असतात, बायका-मुली मोकळेपणाने नाचतात. खाली उतरायचं तर तिथे.

चौथं, अंगाला आणि केसांना आदल्या रात्रीच खोबरेल चोपडा. डोळ्यांवर चष्मा. दम्याचा त्रास असेल तर गुलालाच्या ढगापासून लांबच, अगदी गच्चीवरही नको.

दुपारी गेर संपली की लगेच परतू नका. पालिकेच्या गाड्या आणि झाडूवाले मागोमाग येतात आणि तास-दोन तासांत रस्ता धुऊन काढतात. गुडघाभर रंगात बुडालेला रस्ता आपल्या डोळ्यांदेखत काळा होत जाताना पाहणं हाही त्या दिवसाचाच भाग आहे.

८. गावाबाहेरचे दोन, थोडक्यात

उज्जैन इथून साधारण 55 किलोमीटर. महाकालाची सवारी सोमवारी निघते आणि ती फक्त इथल्या श्रावणातच नाही, तर भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही, म्हणजे आपल्या मराठी श्रावणाचेही सोमवार त्यात येतात. उज्जैनवर शिंद्यांचा अंमल होता त्याची ही खूण. भस्म आरतीला आधी नोंदणी लागते आणि ओळखपत्र तेच लागतं ज्यावर नोंदणी केली. मंदिराबाहेर “मी आत सोडतो” म्हणणारा भेटला तर हात जोडून पुढे चालू लागा.

गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी असतं. तुर्रा आणि कलगी असे दोन पक्ष एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. हिंगोट म्हणजे एका फळाच्या सुकलेल्या कवचात भरलेली फटाक्यांची दारू. दरवर्षी माणसं भाजतात. जाळीच्या मागे राहा, मुलांना नेऊ नका. मी एकदा गेले, पुन्हा जाणार नाही.

९. माणसं कशी जोडायची

सगळ्यांत आधी ‘भिया’ म्हणायला शिका. भैयाचं इंदुरी रूप. रिक्षावाला, पोहेवाला, बँकेतला कॅशियर, सगळे भिया. ‘हो’ला ‘हओ’. मराठी घरांतही मराठी थोडी वेगळी ऐकू येईल, चौकाला चौराहा म्हणतील, भाजीला सब्जी. ती सुधारायला जाऊ नका. मी एकदा काकूंच्या नातीचं वाक्य दुरुस्त केलं. काकू काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन रविवार पोह्यांना हाक आली नाही.

नाटकाची आवड असेल तर ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेचं सभासदत्व घ्या. मुंबई-पुण्याची नाटकं इथे येतात आणि मुख्यतः सभासदांसाठी असतात. ऐन दिवशी तिकीट काढू म्हणाल तर दारातून परत याल. नोंदणी कधी सुरू आहे ते वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. वाचणाऱ्यांसाठी महाराष्ट्र साहित्य सभा आहे. 2001 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, विजयाबाई राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या ते, इंदूरलाच झालं. त्याच्या आठवणी सांगणारी माणसं तिथे अजून भेटतात आणि चहा संपला तरी उठू देत नाहीत.

आणि तो डबा. सणाला शेजारून डबा येतो: संक्रांतीला तिळाच्या वड्या, होळीला पुरणपोळी, एरवी कधी गुजिया. तो धुऊन रिकामा परत द्यायचा नाही हे आपल्याला माहीतच आहे. त्यात आपलं काहीतरी घालून पाठवा, इंदुरी काही करायला जाऊ नका. त्यांच्याकडे ते तुमच्यापेक्षा चांगलं होतं. मी सातारी कंदी पेढे पाठवले. तेव्हापासून गावी निघाले की गल्लीतल्या सहा घरांतून सहा डबे येतात, रिकामे, झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवलेले.